भेट द्यायची तर आपल्या हातची

आपल्या घरात वर्षाचे सण मोजके, पण मोठे. १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. शिवाय मुलाचा दहावीचा निकाल, मुलीला लागलेली नोकरी, नव्या खोलीतला पहिला दिवस. अशा वेळी कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपली रीत चांगलीच आहे. घोडे अडते ते मिठाईच्या डब्यापाशी. दहा घरांना दहा डबे म्हटले की महिन्याचे गणित कोलमडते. लूमवाल्याचा पगार मीटरवर, गोदामात माल भरणाऱ्याचा हजेरीवर. सणासाठी उधारी करायची आणि पुढचे दोन महिने ती फेडत बसायचे, याला आनंद कसा म्हणावा?

म्हणून भगिनींसमोर, आणि बंधूंसमोरही, एक साधी सूचना ठेवतो. या वेळचा डबा घरी करा. नारळाच्या वड्या सर्वांना येतात, त्याबद्दल मी काय सांगणार? पण मुलांना चॉकलेट हवे असते. लोणावळ्याला गेलेली माणसे चिक्कीबरोबर चॉकलेट फज घेऊन येतात, तो फज आपल्या स्वयंपाकघरात सहज होतो. नाव साहेबी असले तरी तो आपल्या वडीचाच भाऊ. दूध, साखर, लोणी आणि कोको, एवढेच त्यात असते.

हा पदार्थ प्रथम गाजवला तो कॉलेजच्या मुलींनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात एमेलिन हार्टरिज नावाची विद्यार्थिनी होती. १८८६ मध्ये बाल्टिमोर शहरात फज चाळीस सेंटला एक पौंड या भावाने विकला जात होता, असे तिने पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. ती कृती तिने मिळवली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या एका लिलावासाठी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, फज केला. मग इतर कॉलेजांतल्या मुलीही तो करू लागल्या. वसतिगृहातल्या मुलींना जे जमले ते आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत का जमू नये?

साहित्य असे. साखर ४०० ग्रॅम, दूध २५० मिली, कोको पावडर २५ ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. पातेले जाड बुडाचे आणि उंच घ्या, कारण दूध वर येते. साखर, कोको व मीठ कोरडेच एकत्र करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग दूध घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या. त्यानंतरच उकळी आणा. खाली लागू नये इतपतच हलवा. वीस मिनिटे ते अर्ध्या तासात पाक दाटतो. वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून पाहा. बोटांनी त्याची मऊ गोळी झाली की पाक गोळीबंद झाला. थर्मामीटर असेल तर सुमारे ११५ अंश सेल्सिअस. पातेले खाली उतरवा, वर लोणी टाका आणि हात आवरा! आता मुळीच ढवळायचे नाही. पातेल्याच्या बुडाला हात लावता येईल इतके ते निवू द्या. मग लाकडी पळीने जोर लावून घोटा. चकाकी गेली, पळी जड झाली की लगेच तूप लावलेल्या ताटात ओता आणि वड्या पाडा. पातेल्याच्या कडेची खरवड वड्यांत घालू नका, ती मुलांना द्या.

निवेपर्यंत थांबायचे कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण साखरेत आहे. गरम पाक ढवळला की साखरेचे खडे मोठे बसतात आणि वडी दाताखाली करकरते. निवलेला पाक घोटला की खडे इतके बारीक बसतात की जिभेला कळतच नाहीत. नारळाची वडी आचेवर ढवळत आटवतो, फजचा पाक निववून घोटतो, एवढाच फरक. वडी रवाळ झालीच तर टाकू नका. अर्धा कप पाणी घालून पुन्हा विरघळवा, पुन्हा गोळीबंद पाक करा. पावसाळ्यात मात्र हवेतले पाणी साखर ओढते आणि वड्या चिकट होतात, म्हणून कोरडा दिवस निवडा. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या आठवडाभर चांगल्या राहतात.

या मापात अर्ध्या किलोच्या आसपास वड्या होतात. पाव किलोचा एक डबा धरला तर दोन घरांची सोय झाली. खर्च वहीत मांडा. साखर, दूध, कोको, लोणी, गॅस, कागदाचा डबा, असे एकेक कलम लिहा आणि बाजारात त्याच वजनाचा डबा केवढ्याला पडतो ते समोर लिहा. फरक डोळ्यांना दिसेल. आणखी एक कलम विसरू नका, ते म्हणजे मजुरी. घरच्या बाईचे श्रम आपण हिशेबात कधीच धरत नाही. घोटण्याचे काम दंडाचे आहे, ते पुरुषांनी करावे. डबे बांधण्याचे काम मुलांनी करावे. नाहीतर सण सगळ्यांचा आणि राबणारी एकटी, असे व्हायचे.

खव्याची बर्फी करणार असाल तर खवा पारखून घ्या. म्हशीच्या एक लिटर दुधाचा खवा साधारण २०० ग्रॅम निघतो, यावरून फारच स्वस्त खव्याचा अंदाज करावा. चिमूटभर खवा पाण्यात उकळून थंड करा आणि त्यात आयोडीन टिंक्चरचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पीठ मिसळले आहे. तपासलेला खवा टाकून द्यावा, खाऊ नये. विकतची सुटी मिठाई घेतलीच तर ट्रेवरची तारीख वाचा. ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे दुकानदारांना १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले आहे.

आता खरा प्रश्न. हा डबा द्यायचा कुणाला? नातेवाइकांना आपण देतोच. पण ऑफिसात, शाळेत, शेजारी द्यायची वेळ आली की आपल्यातले पुष्कळ जण घरचे काही नेत नाहीत, दुकानचा बंद डबा नेतात. विचारले तर म्हणतात, "घरचे दिले तर ते खातील की नाही कोण जाणे." ही भीती काही हवेतून आलेली नाही. दुकानच्या डब्यावर करणाऱ्याचा हात दिसत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत नोंदवली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या बांधवांना जेवण दिले. त्यात तूप वाढले. तेवढ्यावरून सवर्ण शेकड्यांनी लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. पंगत आपली, पैसा आपला, पाहुणेही आपलेच. तरीही ताटातले तूप त्यांना सहन झाले नाही. ज्यांच्या पूर्वजांना चांगले खाण्याबद्दल मार मिळाला, त्यांनी आपल्या हातचे दूध-लोण्याचे गोड उघडपणे वाटावे, यात केवढा अर्थ आहे! नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हेही बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात बजावले आहे. वड्यांच्या डब्याकडून फार अपेक्षा करू नये. पण आपला हात आपणच लपवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

भिवंडीपुरते बोलायचे तर इथे ताटे भिंतीपलीकडे जाणे ही चैन नव्हे. १९७० आणि १९८४ च्या दंगली या गावाने भोगल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, लोक एकमेकांसमोर बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख असली की अफवेला जागा कमी मिळते. ईदला निजामपुऱ्याकडून शिरखुर्मा येतो, संक्रांतीला पद्मनगरच्या तेलुगू घरांतून सकिनालू येतात. मग आपल्या जयंतीला, बुद्धपौर्णिमेला आपल्याकडून काय जाते? सुजाताची खीर आपण विहारात वाटतो. पण खीर लांब नेता येत नाही, वड्या नेता येतात.

तेव्हा भगिनींनो, येत्या सणाला एका मापाने सुरुवात करा. डब्यावर आपले नाव स्वच्छ अक्षरांत लिहा आणि खाली लिहा, "घरी केलेले." कुणी खाईल, कुणी बाजूला ठेवील. जो खाईल त्याच्याशी नाते वाढेल. जो बाजूला ठेवील त्याची ओळख पटेल. पुढच्या वर्षी त्यालाही डबा द्याच, वड्या उरल्या तर.