घर माझं, दादागिरी भाडेकरूची

लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं आणि काही बिनसलं, की मित्रमंडळी लगेच म्हणतात, "बघ, लिनक्सची कटकट!" मला हे अजिबात पटत नाही.

घड्याळाचंच घ्या. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी वेळ ठेवतं. विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मग विंडोजमध्ये शिरलं की सकाळी साडेनऊला स्क्रीनवर पहाटेचे चार! फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हणूनही विंडोज अर्धवटच झोपतं, आणि लिनक्सला त्या पार्टिशनवर धड लिहिता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर कहरच झाला. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी अपडेटनंतर कित्येकांचं लिनक्स बूटच होईना. ड्युअल बूट मशीनला हा बदल लागू होणार नाही, असं कंपनीनेच सांगितलं होतं बरं का! पक्की दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. सुरक्षेचं कारण खरं होतं, मान्य. पण डिस्क माझ्या पैशाची आहे ना?

मी विंडोज ठेवलंय, फक्त डिजिटल सिग्नेचरच्या टोकनपुरतं. फास्ट स्टार्टअप बंद, आणि रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला यूटीसीही शिकवलंय. मुकाट्याने ऐकतं.