शिस्त राहू दे, दरारा जाऊ दे

चपला बाहेर, मोबाइल बंद, भरल्या पोटी येऊ नये, उशीर झाल्यास आत शिरू नये, शवासन अर्धवट टाकून उठू नये. जुन्या वळणाच्या कुठल्याही योगवर्गात ही यादी ऐकावी लागते, आणि तिच्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, महिन्याची फी मोजली आहे, मग शाळकरी पोरांसारखे हे नियम कशाला? दुसरा म्हणतो, ही गुरुपरंपरा आहे, इथे कारण विचारायचे नसते. दोन्ही तटांचा आवाज चढा आहे आणि दोघांचीही बाजू लंगडी आहे.

फीवाल्यांचे आधी पाहावे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर काही महिने शिकवायला, आणि राहिले ते कायमचे. १९७५ मध्ये शिवाजीनगरात रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यांच्या पद्धतीच्या वर्गात नवख्याला सगळ्यात जाचक वाटते ती ब्लँकेटची घडी. सर्वांगासनाआधी तीन-चार ब्लँकेट्स सपाट दुमडायची, एकावर एक रचायची, दुमडलेल्या कडा नेमक्या जुळवायच्या. शिक्षक त्या कडेवरून हात फिरवतात आणि कुठे चुणी लागली तर सगळी चळत मोडून पुन्हा लावायला सांगतात. नवखा मनात म्हणतो, काय हे खूळ! पण त्या चळतीवर खांदे टेकतात, डोके खाली जमिनीवर राहते आणि मान कडेपलीकडे मोकळी सुटते. कड वाकडी असली की एक खांदा घसरतो आणि अंगाचा भार मानेच्या मणक्यांवर येतो. घडीचा हट्ट टापटिपीसाठी नसतो, मानेसाठी असतो.

मोबाइलचेही तेच. वीस-पंचवीस माणसे पाय वर करून सर्वांगासनात असताना कोपऱ्यातल्या पिशवीत रिंगटोन वाजली, की निम्म्या माना आपोआप तिकडे वळू पाहतात, आणि या आसनात मान वळवणे हाच मोठा धोका. फोन एकाचा, मान दुसऱ्याची.

बाकीचे नियमही असेच तपासावेत. भरपेट जेवणानंतर किमान चार तास जाऊ द्यावेत, असे अय्यंगारांनी ‘लाइट ऑन योग’ या १९६६ च्या पुस्तकात सांगितले. पोटाला पीळ देऊन पाहणाऱ्याला त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. रक्तदाब किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार आधी सांगायचा, कारण शीर्षासन प्रत्येकासाठी नाही. पाय घसरू नये म्हणून मोजे काढायचे. अर्धी विजार घालायची, कारण गुडघ्याची वाटी वर ओढली गेली की नाही हे शिक्षकाला दिसले पाहिजे. उशिरा आलेल्याचे अंग तयार झालेले नसते, शिवाय त्याला जागा करून देताना शिक्षकाची नजर इतरांवरून हटते. पोहण्याच्या तलावावर टोपी घाला म्हटले तर कुणी स्वातंत्र्याचा प्रश्न काढत नाही. योगवर्गातच गिऱ्हाइकाचा अहंकार का जागा व्हावा? फी शिकण्याची असते, शेजाऱ्याची एकाग्रता मोडण्याची नव्हे.

इथवर वाचून दुसरा तट खूश होईल. त्याने इतक्यात टाळ्या वाजवू नयेत.

‘कारण विचारू नका’ हा परंपरेचा दंडक आहे, असे हा तट सांगतो. पण कुठल्या परंपरेचा? पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत. त्यांत अतिआहार आणि वायफळ बडबड आहेच, पण नियमाग्रहही आहे. टीकाकार ब्रह्मानंदांनी त्याची उदाहरणे दिली ती पहाटेच्या थंड पाण्याच्या स्नानाची, फक्त रात्री जेवण्याची, फक्त फळे खाण्याची. महाराष्ट्रातला दाखला हवा असेल तर लोणावळ्याला जावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या मोजण्यांनी तपासायला घेतले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नियतकालिक काढून निष्कर्ष छापले. कारण विचारणे पाप असते, तर हे सगळे पाखंड ठरले असते.

निमूट आज्ञापालनाची किंमत खुद्द अय्यंगारांनी मोजली. मैसूरला त्यांचे मेहुणे आणि गुरू टी. कृष्णमाचार्य यांनी प्रात्यक्षिकात अचानक हनुमानासन करायला लावले. त्यात मांडीमागचे स्नायू दुखावले, हे अय्यंगार स्वतः सांगत. याच माणसाने पुढे लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या आणि ब्लँकेट्स आसनांत आणली, म्हणजे ताठर, म्हाताऱ्या, आजारी शरीरालाही इजेशिवाय आसन जमावे.

यावर हुकमी उत्तर तयार असते: अय्यंगारही चापट्या मारत, ओरडत, तरी जगभरातून माणसे पुण्याला येतच राहिली ना? आली. ती त्यांच्या नजरेसाठी आणि ज्ञानासाठी आली. हाताखाली कुठला सांधा आहे हे ज्याला कळत नाही, तो त्यांचा फक्त आवाज आणि चापट उचलतो, आणि गल्लोगल्लीच्या वर्गांत तेच झाले आहे.

दराऱ्याचे टोक मैसूरच्याच दुसऱ्या शाळेत दिसले. अष्टांग योगाचे पट्टाभि जोईस हेही कृष्णमाचार्यांचे शिष्य. २००९ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या काळात अनेक विद्यार्थिनींनी जाहीरपणे सांगितले, की आसन सुधारण्याच्या नावाखाली त्यांनी लैंगिक स्पर्श केले. २०१९ मध्ये त्यांचे नातू आणि वारस शरथ जोईस यांनी असे अनुचित स्पर्श आपणही पाहिल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. हे वर्षानुवर्षे चालू शकले, कारण गुरूच्या हाताला ‘थांबा’ म्हणणे तिथल्या शिष्टाचारात बसत नव्हते. ‘सर्व नियम पवित्र’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मग राहावे काय? विद्यार्थ्याचे शरीर आणि शेजाऱ्याचा अभ्यास सांभाळणारा प्रत्येक नियम राहावा, आणि सक्तीने राहावा. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर ठेवणारा शिक्षक कठोर नाही. शवासनाची शेवटची पंधरा मिनिटे चुकवून पार्किंग गाठणाऱ्याला टोकणारी शिक्षिका बरोबरच आहे. शेजाऱ्याला आगंतुक धडे देणाऱ्याला गप्प करावे. पाया पडायचे की नाही हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. मासिक पाळीत उलटी आसने टाळायला सांगताना कारणही सांगावे. गीता अय्यंगारांनी स्त्रियांसाठी अख्खे पुस्तक लिहून या दिवसांचा अभ्यास मांडला, तो ‘बसा बाजूला’ एवढ्यावर आणणे हा त्या कामाचाही अपमान आहे. आणि त्यासाठी कुठल्याही मुलीला भरवर्गात हात वर करावा लागू नये.

नियमांची यादी विद्यार्थ्यांपुरती ठेवण्याचेही कारण नाही. हात लावण्याआधी विचारावे, नकार आला तर तोंडी सूचनेवर भागवावे, दुखते म्हणणाऱ्याला आसनातून लगेच बाहेर येऊ द्यावे आणि तक्रार ऐकायला शिक्षकाखेरीज दुसरी व्यक्ती नेमावी. ही चार कलमे दारावरच्या त्याच पाटीवर, ‘मोबाइल बंद ठेवा’च्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिता येतील. प्रवेश घेताना नव्या विद्यार्थ्याने ती पाटी वाचावी, आणि खालची चार कलमे नसतील तर फी भरण्याआधी त्याबद्दल विचारावे.