ड्रायव्हर बदलू का, मॅडम?



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी वर्गाला कुलूप लावत होते. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी सायकलवरून आला. चौथीपर्यंत माझ्याकडे होता, आता आठवीत आहे. सायकल टेकवायच्या आधीच त्याचा प्रश्न तयार, "मॅडम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकू का जी? गेम अटकून राहिला."

त्यांच्याकडचा संगणक त्याच्या दादाने गोंदियातून जुनाच घेतलेला आहे. दिवसभर दादा त्यावर गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. संध्याकाळी तो याच्या ताब्यात येतो. म्हटलं, चल, बघू तरी.

घरी गेले तर दादाचा सूर निराळाच. "मॅडम, आता हात नका लावू. धानाच्या नोंदण्या चालू आहेत. मशीन बसली त लोकाईले काय सांगू?"

दोघांचंही खरं होतं. मग करायचं काय? त्याआधी ड्रायव्हर म्हणजे काय, ते समजून घेऊ या.

मी नोकरीला लागले तेव्हा सालेकसा तालुक्यात होते. पहिलीत एक मुलगा आला. त्याला फक्त गोंडी यायची आणि मला गोंडीचं अक्षर येत नव्हतं! मग चौथीतल्या एका पोरीला मध्ये बसवलं. मी मराठीत सांगायचे, ती गोंडीत सांगायची आणि पोरगा लगेच पाटी काढायचा. ड्रायव्हर म्हणजे ती पोरगी, बरं का! गेम आपल्या भाषेत सांगतो, "इथे झाड काढ, तिथे मोटार पळव." ग्राफिक्स कार्डाला ती भाषा कळत नाही. ड्रायव्हर हा त्यांच्यातला दुभाषा. नवे गेम आले की नवे शब्द येतात, म्हणून दुभाष्यालाही ते शिकवावे लागतात. पण गेम जुनाच असेल तर? या मुलाचा लाडका 'क्रिकेट ०७' हा गेम २००६ सालचा. तो छान चालत होता. अटकत होता तो मोटारींच्या शर्यतीचा गेम, आणि तोही अर्ध्या तासानंतर. सुरुवातीला सुरळीत चालायचा. हे ऐकून मला शंका आली. दुभाष्याला शब्द येत नसतील तर तो पहिल्याच वाक्याला अडेल ना? अर्ध्या तासाने काहून अडेल?

संगणक बंद केला, प्लग काढला आणि झाकण उघडलं. आत काय? कोंडा! यांचं घर राइस मिलच्या गल्लीत आहे. कार्डाच्या पंख्यावर भुशाचा आणि धुळीचा चक्क थर बसला होता. पंखा गार करेना, म्हणून कार्ड तापायचं. फार तापलं की कार्ड स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतं. रंगकामाचा कोरडा ब्रश घेतला, पंखा गरगर फिरू नये म्हणून बोटाने धरला आणि झाडून काढला. संध्याकाळी पोराने तासभर गाडी पळवली, कुठे अटकली नाही.

म्हणजे प्रश्न मिटला? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण जाता जाता कार्डाचं नाव बघितलं. तुम्हीही बघू शकता. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, 'डीएक्सडायग' असं इंग्रजीत टाइप करा आणि डिस्प्लेच्या पानावर जा. तिथे लिहिलं होतं, जीटीएक्स ७५० टीआय. हे कार्ड २०१४ मध्ये आलं. ड्रायव्हरची तारीख होती २०१९ सालची.

एनव्हिडिया कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं, की या वयाच्या कार्डांसाठी नव्या गेमप्रमाणे तयार केलेले ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. ५८० ही या कार्डांची शेवटची मालिका. त्यापुढचा आकडा कितीही मोठा असो, तो आपल्या कार्डासाठी नाही.

आता सुरक्षेचं बघा. ड्रायव्हरमध्येही फटी निघतात आणि त्यातून वाईट प्रोग्राम आत शिरू शकतात. या संगणकात काय होतं? गावातल्या लोकांचे आधार, सातबारे, बँकेच्या पासबुकांचे फोटो. मी दादाला म्हटलं, "गेमसाठी नको, पण या कागदांसाठी ड्रायव्हर बदलावा लागेल."

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "पण आजच कराले पाहिजे का?"

आज नको, हे मीही मान्य केलं. माझ्या आधीच्या शाळेत अपडेट चालू असताना लाइट गेली आणि संगणक आठ दिवस उठला नव्हता. शिवाय फाइल अर्ध्या जीबीहून मोठी, आणि उतरवायची मोबाइलच्या नेटवर. नोंदण्यांची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी सकाळी करायचं ठरलं. तोवर त्या संगणकावर अनोळखी काही उतरवायचं नाही, गेमसुद्धा नाही. पोराने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला.

त्या रविवारी आधी लोकांचे कागद पेनड्राइव्हवर घेतले. मग विंडोजमध्ये रिस्टोअर पॉइंट केला. बिघडलं तर परत फिरायची ती खूण. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, कार्डाचं नाव निवडून घेतला. 'तुमचा ड्रायव्हर जुना झाला, इथे दाबा' म्हणून ज्या चौकटी उड्या मारतात, त्यांच्या नादी लागलो नाही. मध्येच पडदा काळा झाला. दादाचा हात बटणाकडे गेला, मी तो धरला. दोन-चार सेकंद असं होतंच. पडदा परत आला तेव्हा त्याने केवढा मोठा श्वास सोडला!

गेमचा वेग वाढला का, विचाराल तर नाही. होता तेवढाच राहिला. पोरगं जरा हिरमुसलं.

मग त्यानेच विचारलं, "मॅडम, ड्रायव्हर झाला. पण विंडोज १० ची मुदत त १४ ऑक्टोबर २०२५ लेच संपली ना जी? त्याचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात बोलू. तोवर तुमच्या घरच्या संगणकात कोणतं कार्ड आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि पंखा बघा.

तुमच्या मॅडम