विमान आणि डबा

बॉम्बफेकी विमान जवळून पाहिलं की माणूस आधी मान वर करून बघतो, मग हात लावतो, मग फोटो काढतो. हे विमान कुणाच्या डोक्यावरून गेलं होतं, एवढं मात्र तो विचारत नाही. माझी तक्रार या न विचारण्याबद्दल आहे, आणि ती पहिल्यांदा स्वतःविरुद्ध आहे.

मी पुण्याचा. तिसरीत असताना शाळेनं आम्हाला लोहगावच्या विमानतळावर नेलं होतं. तिथं कॅनबेरा विमानं होती. जाणकार कॅनबेराला अवजड बॉम्बरमध्ये धरत नाहीत, पण आठ वर्षांच्या पोराला ते धूड देवळाएवढं वाटलं. लांबवर उभ्या असलेल्या एका विमानाचं इंजिन सुरू झालं. काडतुसाचा बार उडाला, काळा धूर निघाला, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मग हवाईदलाच्या एका काकांनी आम्हाला दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली नेलं. कवाडं उघडी होती. आत अंधार होता आणि अंधारात हुक. कुणीतरी विचारलं, "काका, यात काय ठेवतात?" काका हसून म्हणाले, "सामान." आम्हीही हसलो आणि हँगरच्या सावलीत बसून डबे खाल्ले. माझ्या डब्यात गुळाची पोळी होती. ती चव अजून आठवते. 'सामान' या शब्दाचा अर्थ विचारायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

अर्थ विचारला तो अमेरिकेत. मुलीकडे गेलो की आपण नायगारा बघतो, देऊळ बघतो, आणि वॉशिंग्टनच्या बाजूला असलो तर डलस विमानतळाजवळचं विमानांचं संग्रहालयही बघतो. तिथं 'एनोला गे' आहे. चकचकीत, चंदेरी, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ४३ मीटर. त्याच्या पंखांखाली दुसरी विमानं पिलांसारखी उभी केली आहेत. नाकाजवळ वैमानिकाच्या आईचं नाव रंगवलेलं आहे, कारण विमानाचं नाव तेच आहे. मी पाटी वाचली. विमान कुठल्या जातीचं, कुणी बांधलं, किती मोठं, हे सगळं होतं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब टाकला, हेही होतं. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली, हे नव्हतं. आणि मी काय केलं? जावयाला म्हटलं, "जरा पंख्यासकट येऊ दे हं फोटोत."

ही पाटी चुकून अपुरी राहिलेली नाही. १९९५ साली, बॉम्बला पन्नास वर्षं होत असताना, याच संग्रहालयानं मोठं प्रदर्शन योजलं होतं. विमानाच्या भागांबरोबर हिरोशिमाहून काही वस्तू आणायच्या होत्या. त्यात एका शाळकरी मुलीचा डबा होता, आत कोळसा झालेला भात आणि वाटाणे. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या, काँग्रेसमध्ये आरडाओरड झाली, प्रदर्शन गुंडाळलं गेलं, संचालकांनी राजीनामा दिला. मग विमानाचं धड तेवढं मांडलं गेलं. तीन मजली इमारतीएवढं शेपूट असलेलं विमान एका मुलीच्या डब्याला घाबरलं, असंच म्हणायला हवं. दोघं एका खोलीत राहिले असते, तर बघणाऱ्याची नजर विमानावर टिकली नसती.

यावर ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं: हे तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे, तिथं यंत्र बघा. ठीक. मग यंत्राचं काम सांगा. पवनचक्कीच्या पाटीवर ती किती वीज करते ते लिहितात, नांगराखाली तो काय करतो ते लिहितात. बॉम्बरचं काम पंखांची लांबी नव्हे. दुसरं: त्या बॉम्बनं युद्ध लवकर संपलं, पुढचे जीव वाचले. हा वाद इतिहासकार आजही घालतात आणि तो घालायलाच हवा. पण वाचलेल्यांचा हिशेब मांडायचा असेल तर मेलेल्यांचा आकडा झाकून तो कसा मांडणार? तिसरं उत्तर आपल्याकडचं: अमेरिकेचं पाप अमेरिकेनं बघावं, आपला काय संबंध?

संबंध आहे. 'एनोला गे' ज्या जातीचं, ती बी-२९ विमानं १९४४ साली पहिल्यांदा लढाईवर निघाली ती बंगालमधून. ५ जूनला त्यांनी खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून उडून बँकॉकवर बॉम्ब टाकले. या धावपट्ट्यांची कामं चालू होती तेव्हा मिदनापूर जिल्हा १९४३ च्या दुष्काळानं उन्मळून पडला होता. माणसं भाताच्या पेजेसाठी दारोदार फिरत होती आणि त्याच मातीवर जगातल्या सर्वांत महागड्या विमानांसाठी काँक्रीट पडत होतं. त्या दलाचं मुख्यालय हिजलीच्या बंदिशाळेत होतं. त्याच इमारतीत १९५१ मध्ये आयआयटी सुरू झाली. तिथं शिकून आलेल्या मराठी मुलांना विचारून बघा, यातलं काय ठाऊक आहे ते.

आणि आपली स्वतःची विमानं? १८ डिसेंबर १९६१ ला बारा कॅनबेरांनी गोव्याच्या दाबोळी धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. आज आपण तिथंच उतरतो आणि फेणीची चौकशी करतो. टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असा वैमानिकांना हुकूम होता आणि तो पाळला गेला. बघा, खरी पाटी लिहिली तर ती दर वेळी लाज आणणारीच असते असं नाही. कधी ती संयमाची साक्षही देईल. पण मग ५ मार्च १९६६ चीही पाटी लिहावी लागेल. त्या दिवशी आपल्या हवाईदलानं आपल्याच आयझॉल गावावर बॉम्ब टाकले. ती लढाऊ विमानं होती, बॉम्बर नव्हती, असं कुणी म्हणेल. खाली चुलीपाशी बसलेल्या मिझो बाईला हा फरक कळला नसेल.

हे लिहिताना मला हवाईदलाचा अपमान करायचा नाही. त्या काकांबद्दल आजही माझ्या मनात माया आहे. आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी दुसरं काय सांगायचं होतं? पण संग्रहालय बघणारे सगळे आठ वर्षांचे नसतात, आणि जे असतात ते कायम तेवढेच राहत नाहीत. चौकाचौकांत निवृत्त विमानं उभी करायची, त्यांना दिवाळीत दिवे लावायचे, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवायचं, आणि सामान कुठं उतरवलं ते सांगायचं नाही, ही शिस्त नव्हे. ही सोय आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जतन केलेल्या बॉम्बरशेजारी दुसरी पाटी लावा. कधी, कुठं, काय टाकलं, खाली कोण होतं, किती गेले. मोजले नसतील तर 'मोजले नाहीत' असं लिहा. कुणावरच टाकलं नसेल तर तेही अभिमानानं लिहा. सुरुवात आपल्या कॅनबेरांपासून करा, म्हणजे दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याचा हक्क मिळेल.

आणि शाळेची सहल नेणार असाल, तर पाटी वाचून झाल्यावर मुलांना डबे खायला बसवा. वाचायच्या आधी नको.