शर्करेचा धागा आणि शहाडची हवा

उल्हासनगरलगतच्या शहाड येथे 1956 पासून रेयॉनचा धागा निघत आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवून मधासारखा दाट द्रव तयार करावयाचा आणि तो सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडावयाचा, म्हणजे तेच सेल्युलोज धाग्याच्या रूपाने पुन्हा हाती येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये निघालेली ही युक्ती आजही मूलतः तशीच आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. मग झाड तोडून, ते शिजवून ही माळ मिळविण्यापेक्षा साध्या साखरेपासून ती विकरांच्या म्हणजे एन्झाइमांच्या साह्याने का ओवू नये, हा प्रश्न आता प्रयोगशाळेबाहेर विचारला जात आहे. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला तो मोह पडणे स्वाभाविक आहे.

कल्पना पोकळ नाही. 1991 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिरो कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरवी सेल्युलोज तोडणारे विकरच उलट्या दिशेने कामास लावून कृत्रिम सेल्युलोज घडविले. अडचण अशी, की पाण्यात माळ तुटण्याकडेच निसर्गाचा ओढा असतो. ओवण्यासाठी ग्लुकोजला आधी ऊर्जेची शिदोरी द्यावी लागते. उसाच्या साखरेत ही शिदोरी सुदैवाने अंगचीच आहे. सुक्रोज फॉस्फोरायलेज हे विकर साखरेचा कण फोडून ग्लुकोजला फॉस्फेटशी जोडते, आणि दुसरे विकर तो ग्लुकोज माळेत ओवून फॉस्फेट मोकळे करते. हिशेब मात्र रोकडा आहे. 100 किलो साखरेतून फार तर 47 किलो सेल्युलोज मिळेल. उरलेले 53 किलो फ्रुक्टोज. त्याला गिऱ्हाईक नसेल तर धागा सोन्याच्या भावाने पडेल. शिवाय अशा रीतीने घडलेल्या माळा आखूड असतात व भुकटी होऊन तळाशी बसतात. रेयॉनला शेकडो मण्यांची माळ हवी. लांब माळ विणण्याचे काम जिवाणू उत्तम करतात, फिलिपाइन्समधील नाता दे कोको हा खाद्यपदार्थ त्याचाच, पण त्यांची गती मंद आणि खर्च मोठा.

या उत्साहात एक गोष्ट हमखास नजरेआड होते. शहाडच्या माणसाला छळतो तो लगदा नव्हे, विरघळविण्याची रीत. साखरेपासून उद्या शुद्ध सेल्युलोज मिळाले आणि ते याच कार्बन डायसल्फाइडमध्ये घातले, तर अरण्ये वाचतील; पण कामगाराच्या मज्जातंतूंवर होणारा या बाष्पाचा परिणाम आणि हायड्रोजन सल्फाइडची सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी तशीच राहील. सप्टेंबर 2023 मध्ये येथील कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ज्या उल्हासचे पाणी बदलापूरला उचलून लोकांना पाजले जाते आणि जी वालधुनी अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवालयाला वळसा घालून येते, त्या नद्यांना लगदा कोठून आला याच्याशी कर्तव्य नाही.

म्हणून क्रम ठरविला पाहिजे. निसटणाऱ्या कार्बन डायसल्फाइडची पुनर्प्राप्ती ही आजची गोष्ट. तिला नवे शास्त्र लागत नाही, पैसा आणि दरारा लागतो. त्यानंतर विद्रावक बदलणे. लायोसेल पद्धतीत सेल्युलोज सरळ विरघळते आणि विद्रावक जवळजवळ सर्व परत मिळतो; पण जुनी यंत्रे तेथे निरुपयोगी ठरतात, व शहाडचा अखंड तंतू त्या पद्धतीने तसाच काढणे सोपे नाही. विकरांचा क्रम तिसरा. तेथेही साखरेच्या आधी बगॅसकडे पाहावे, असे आमचे मत आहे. गाळलेल्या उसाच्या या चोथ्यात निसर्गाने सुमारे 40 टक्के सेल्युलोज आयते ओवून ठेवले आहे, आणि आपण ते बॉयलरमध्ये जाळतो. एका हाताने माळ जाळून दुसऱ्या हाताने साखरेची माळ ओवावयास बसणे हा विचित्र उद्योग होय! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांवर पूर्वीच काम केले आहे. बगॅस निर्मळ करणारी विकरे हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा ठरू शकेल. त्यासाठी शासनाने एखाद्या सहकारी कारखान्यात प्रायोगिक संयंत्र उभारून द्यावे.

मात्र स्वच्छतेच्या नावाने टाळे लावणे हा उपाय नव्हे. शेजारच्या मोहन्यातील एनआरसी हा रेयॉनचाच कारखाना 2009 मध्ये बंद पडला, आणि कामगार आपल्या थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. शहाडमध्ये विद्रावक बदलावयाचा असेल, तर जुन्या कातण-खात्यातील माणसांना नव्या यंत्रावर घेण्याची अट परवान्यातच लिहिली जावी.