आधी वाचा, मग नवं लिहा

उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की मोर्शीत आमच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात. पूर्वी बहुतेकांना ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ करायचं असे. आता बरेच जण म्हणतात, “सर, हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पीएचपीमंधी हाये. आम्ही सगळंच गोमंधी लिहून टाकतो.” कोणाला रस्ट हवं असतं. कायले, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “फास्ट हाये सर, नवीन हाये.”

ओपन सोर्सचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, परवान्याच्या अटी पाळून वाटता येतो. त्यामुळे पोरांना तसा हक्क आहेच. अडचण अशी की, जो कोड पाडायचा तो त्यांनी वाचलेला नसतो. न वाचता केलेल्या पुनर्लेखनाला आपण गुण देणं थांबवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडे संत्र्याच्या व्यवहारात बगीचा ठरला की इसार दिला जातो, मग तोडणी, वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी काटापट्टी. दोन विद्यार्थ्यांनी एका व्यापाऱ्याकडचा, याच व्यवहाराचा हिशेब ठेवणारा ओपन सोर्स प्रोग्राम गो भाषेत उतरवला. पडदा देखणा झाला, वेगही वाढला. दिवाणजींनी मागच्या आंबिया बहाराच्या काटापट्ट्या त्यात टाकून पाहिल्या, तर कुठे रुपया कमी, कुठे दोन जास्त. जुन्या कोडमध्ये हमाली आधी वेगळी पूर्ण रुपयात घेणारी एक ओळ होती. पोरांनी ती फालतू समजून काढली होती. हमालाच्या हातावर पूर्ण रुपयेच पडतात, म्हणून कोणीतरी ती घातलेली. वर टिपण मात्र नव्हतं. दुकान जुन्या प्रोग्रामवर परत गेलं. माझ्या मते बरोबरच केलं.

हे फक्त शिकाऊ हातांनाच होतं असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सी भाषेतल्या जुन्या मूलभूत आज्ञांच्या जागी रस्टमध्ये लिहिलेल्या आज्ञा बसवल्या. त्यातल्या ‘डेट’ या आज्ञेला एखाद्या फाइलची शेवटची बदल-वेळ विचारली, तर ती चूक न दाखवता गुपचूप चालू वेळ सांगत होती. परिणामी काही संगणकांवर सुरक्षा-अपडेट आपोआप तपासणं बंद पडलं. क्वचित लागणारा एक पर्याय नव्या भाषेत यायचा राहिला होता, बस.

नेटस्केपची गोष्ट जुनी आहे. १९९८ मध्ये कंपनीने ब्राउझरचा कोड खुला केला आणि त्याच वर्षी जुना सोडून बराचसा नव्याने लिहायचं ठरवलं. चौथी आवृत्ती १९९७ ची होती. पाचवी आलीच नाही, सहावी आली २००० च्या शेवटी. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता. त्याच कामातून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स १.० निघाला हे खरं. पण तो पाहायला नेटस्केप स्वतंत्र कंपनी म्हणून उरली नव्हती.

मग नव्याने लिहूच नये का? लिहावं, पण कारण भक्कम हवं. सी आणि सी++ मध्ये मेमरी हाताळताना होणाऱ्या चुका हा सुरक्षेचा मोठा प्रश्न आहे. आपल्या गंभीर त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के याच जातीच्या असल्याचं मायक्रोसॉफ्ट आणि गुगल क्रोम या दोघांनीही सांगितलं आहे. तिथे रस्टकडे जाण्यात अर्थ आहे. आणि रीतही हवी. ‘फिश’ नावाचा कमांड-शेल त्याच्या स्वयंसेवकांनी २०२३ पासून सी++ मधून रस्टमध्ये नेला. मधला बराच काळ दोन्ही भाषांचा कोड एकाच प्रोग्रामात शेजारी नांदत होता, जुन्या चाचण्या प्रत्येक टप्प्यावर चालवल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथी आवृत्ती आली. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत डिंक्या आला म्हणून कोणी उभी बाग जेसीबीने उपटत नाही, नांग्या भरतात. फिशचंही तसंच झालं.

महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईचं आहे. रुशभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आज अनेक देशांत हिशेब आणि साठा सांभाळतं. ते पायथनमध्ये आहे. त्याच्या पायाचा आराखडा जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहायचा प्रयत्न याच कंपनीने ‘फ्रॅपे-जेएस’ नावाने केला. त्यावर ‘फ्रॅपे बुक्स’ हा लहान व्यवसायांसाठीचा सुटसुटीत हिशेबाचा प्रोग्राम उभा राहिला. थोरलं सॉफ्टवेअर मात्र पायथनमध्येच राहिलं. पायथन २ ची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली, त्या सुमारास ते पायथन ३ वर नेलं गेलं. नवा प्रयोग शेजारी करून पाहिला, चालत्या दुकानाला हात लावला नाही. पोरांनी हे उदाहरण अभ्यासायला घ्यावं.

आता एआय आलं आहे. हजारो ओळी एका रात्रीत दुसऱ्या भाषेत उतरवून मिळतात. म्हणून तर माझा आग्रह वाढला आहे. लिहिणं स्वस्त झालं, पण हमालीची ती ओळ तिथे का आहे हे दिवाणजींना विचारायला कोणालातरी दुकानात जावंच लागतं.

म्हणून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे माझी मागणी साधी आहे. चालू ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधली एक चूक शोधून दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाने स्वीकारली, तर तिला पूर्ण प्रोजेक्टचा दर्जा द्या. पडद्यावरचे मराठी शब्द सुधारणं, न लिहिलेल्या चाचण्या लिहिणं, टिपणं तयार करणं, यालाही गुण द्या. ज्याला पुनर्लेखनच करायचं असेल त्याने आधी जुन्या प्रोग्रामचे नियम कागदावर मांडावेत. जुना आणि नवा दोन्हींत तीच माहिती घालून उत्तरं जुळवून दाखवावीत, फरक असेल तिथे कारण सांगावं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ‘कोणती भाषा वापरली’ हा नको, ‘जुन्या कोडात काय सापडलं’ हा असावा.

याने प्रोजेक्ट दिसायला लहान होतील, हे कबूल. पण ही पोरं पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागली की पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून सोडलेला, टिपणं नसलेला कोडच येणार आहे. तो वाचायची सवय त्यांना मोर्शीतच लागायला हवी.