बोबड्या बोलांवर एकच औषध नाही

तामलवाडीतले मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणाले, की घर कौतुकाने हसते. चौथ्या वर्षानंतरही तसेच राहिले, तर आधी कान तपासून घ्यावेत. ‘क’चा सरसकट ‘त’ होत असल्यास वाचा उपचारतज्ज्ञ ‘काप-ताप’, ‘कार-तार’ अशा जोड्यांतून अर्थ कसा बदलतो, हे मुलाला उमगू देतात. नुसत्या ‘र’पाशी अडणाऱ्याला मात्र जीभ कुठे टेकवायची, ते शिकवावे लागते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे ही तर आपली बोली; तिच्यावर उपचार कसला? २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. उपचार मात्र आठवड्याच्या आठवड्याला लागतात. त्यासाठी सोलापूर गाठायचे, तर आईबापांचा रोज बुडतो. म्हणून पहिल्याच भेटीत घरच्या सरावाच्या जोड्या मागून घ्याव्यात.